सलोमीअक्काचं सांत्वन

कोल्हापुरातल्या त्या ख्रिस्ती वस्तीत कुणाच्या घरी माणूस गेलं की पाळकांच्या आधी सलोमीअक्काला निरोप जायचा. सलोमी आवळे, सगळ्या वस्तीची अक्का. एका दवाखान्यात सिस्टर म्हणून तिची उभी हयात गेली होती. आता निवृत्त होऊन घरी होती. निरोप आला की पदर खोचून निघायची, हातात चहाचा थर्मास. मयताच्या घरात गेल्यावर आधी रडारडीत शिरायची नाही. स्वयंपाकघरात जायची, गॅसवर काही राहिलंय का बघायची, दूध झाकायची, लहान पोरांना शेजारी धाडायची, आणि मग ज्याचं सगळ्यात जास्त गेलंय त्या माणसाशेजारी जाऊन बसायची. त्याचा हात हातात घेऊन म्हणायची, "काही त्रास झाला न्हाई त्यांना. झोपेतच गेल्यागत गेले. प्रभूनं अलगद उचलून घेतलं."

हे ऐकलं की माणसं मोकळी होऊन रडायची.

ते दर वेळी खरं असायचंच असं नाही. नोकरीत असताना कधी ती स्वतः वॉर्डात हजर असायची, माणूस श्वासासाठी कसा तडफडला ते तिनं डोळ्यांनी बघितलेलं असायचं, आणि तरी बाहेर येऊन त्याच्या बायकोला हेच सांगायची. त्यात तिला वावगं वाटत नव्हतं. कडू गोळी पोराला गुळात घालून देतात, तसंच हे. पुढं मंडळीची सांत्वन सभा भरायची, तिथंही बायकांच्या वतीनं तीच बोलायची. देव दयाळू आहे, दुःखातल्या माणसाला तो टाकत नाही, असं सांगायची. आणि ते मात्र अगदी पोटातनं सांगायची. तिचा नवरा काविळीनं गेला तेव्हा पदरात शाळकरी रूबेन होता. त्या दिवसांत देवानं आपल्याला टाकलं नव्हतं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

रूबेन तिचा एकुलता एक. गळा गोड, रविवारी उपासनेत पेटी वाजवायचा, म्हाताऱ्या माणसांना हात धरून पायऱ्या चढवायचा. शिक्षणात मन लागलं नाही, तेव्हा एका बेकरीच्या छोटा हत्ती टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून लागला. पाव, बटर, खारी गावोगाव पोचवायचा. मिरजेकडची एक मुलगी बघून ठेवलेली होती, ईस्टरनंतर लग्न धरायचं चाललं होतं. एक खोड मात्र होती: मोबाईल हातातनं सुटायचा नाही. अक्का रोज ओरडायची आणि तो रोज हसायचा.

ऊसतोडीचे दिवस होते. रस्त्यारस्त्याला उसाच्या ट्रॉल्या. त्या दिवशी रूबेन दिवेलागणीनंतर घरी आला तो सरळ मोरीत शिरला आणि कितीतरी वेळ अंगावर पाणी घेत राहिला. जेवायला बसला, पण भाकरीचा तुकडा नुसता चिवडत बसला.

"काय रे, बरं न्हाई वाटत?"

"म्हसरू आडवं आलं. गाडीचा दिवा फुटला. मालक बोलतील उद्या."

अक्कानं विषय सोडून दिला.

सकाळी पेपर आला. गडमुडशिंगीच्या रस्त्याला अज्ञात वाहनाच्या धडकेत तरुण ठार, अशी आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. नाव ऋतुराज, एमआयडीसीत टर्नर, कामावरून मोटरसायकलनं घरी निघाला होता. अक्कानं पेपर घडी करून ठेवला आणि बाहेर आली. गाडी रोज रस्त्याकडं तोंड करून उभी असायची. आज तिचं तोंड भिंतीकडं होतं. ती भिंत आणि गाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत शिरली. पुढचा दिवा फुटला होता. आणि बाजूच्या आरशाच्या दांड्याला निळ्या सॅकचा तुटका बंद अडकून लोंबत होता.

तिनं तो हातात घेतला आणि आत आली. रूबेन कॉटवर बसला होता, रात्रीचेच कपडे अंगावर.

"म्हसरू सॅक घेऊन फिरत न्हाई, रूबेन."

त्यानं बंदाकडं बघितलं आणि त्याचं तोंड लहान पोरासारखं वेडंवाकडं झालं. ट्रॉलीला मागं टाकायला गेलो, म्हणाला. मिरजेहून मेसेज आला होता, एका हातानं बघत होतो, समोरनं मोटरसायकल आली ती दिसलीच नाही. "मला वाटलं लोक जमतील, आई. जीव जाईस्तोवर मारत्यात ड्रायव्हरला. म्हणून थांबलो न्हाई. पन..." त्यानं कॉटची कड धरली. "तो हलत हुता. मी आरशात बघितलं. हलत हुता."

दुसऱ्या कुठल्या आईला तेवढा एक शब्द ऐकून जे कळलं नसतं, ते तिला कळलं. रक्त वाहत असेल तिथं हात दाबून धरायचा. मान हलू द्यायची नाही, कुशीवर वळवायचं, तोंड मोकळं करायचं. हे तिनं शिकाऊ पोरींना वर्षानुवर्षं शिकवलं होतं. आपल्या पोराला ती हे कधी बोलली नव्हती. तसा प्रसंगच कधी आला नव्हता.

ती मोरीत गेली. तोंड धुतलं, पुसलं आणि त्याचा धुतलेला शर्ट दोरीवरनं काढून त्याच्यापुढं ठेवला.

"घाल. चौकीत जायचंय."

"तू माझ्या बाजूची न्हाईस व्हय, आई?"

शर्टाची बटणं त्याला लावता येईनात, ती तिनं लावली. मग शेजारच्या मीरासाबला हाक मारली. मीरासाबची रिक्षा दारातच असायची. त्यानं दोघांची तोंडं बघितली, काही विचारलं नाही, रिक्षा चालू केली. चौकीच्या दारात उतरताना रूबेननं आईचा हात धरला होता. पोलिसांनी तो सोडवला.

पुढं जे व्हायचं ते सगळं झालं. अटक झाली, पोरगा कळंब्याच्या तुरुंगात गेला. मिरजेहून लग्न मोडल्याचा निरोप आला. पोरगी दोन वेळा फोनवर रडली, मग तिचाही फोन बंद झाला. वस्तीत दोन तट पडले. कुणी म्हणालं, अक्कानं देवाला धरून केलं. कुणी म्हणालं, पोटच्या पोराला स्वतःच्या हातानं नेऊन देणारी ही कसली आई. पहिलं बोलणारे तिच्या तोंडावर बोलायचे, दुसरं बोलणारे ती गेल्यावर. तिला दोन्ही ऐकू यायचं आणि दोन्ही सारखंच टोचायचं.

एका संध्याकाळी पाळक समुद्रे महिला मंडळाच्या बायकांना घेऊन तिच्या घरी आले. सतरंजी अंथरली गेली, गीत झालं, पाळकांनी पवित्र शास्त्र उघडलं. ज्या घरांत अक्का थर्मास घेऊन गेली होती त्या घरांतल्याच या बायका. त्यांतलीच एक थर्मास घेऊन आली होती. तिनं अक्काचा हात हातात घेतला आणि अक्काचंच बोलणं अक्काला ऐकवायला लागली. देव दयाळू हाय, अक्का. तो टाकत न्हाई.

अक्कानं हात काढून घेतला.

"पाळकसाहेब, त्या पोराच्या घरी कोण गेलतं?"

पाळकांनी शास्त्र मिटलं.

"गडमुडशिंगीला. त्याच्या आईकडं. आपल्यातलं कोण गेलतं काय?"

"अक्का, आपण तिथं कसं जाणार? लोक चिडलेत. वाद व्हायचा. आणि ते काही आपल्या मंडळीतले..."

"म्हंजे देवाची दया आपल्या गल्लीच्या टोकाला संपते व्हय?"

थोड्या वेळानं बायका एकेक करून उठल्या. थर्मास तिथंच राहिला, त्यातला चहा दुसऱ्या दिवशी अक्कानं मोरीत ओतला.

त्यानंतर अक्काची प्रार्थना बंद पडली. म्हणजे ती गुडघे टेकायची, डोळे मिटायची. पण पुढं काय म्हणायचं ते सुचायचं नाही. रूबेनवर दया कर, असं म्हणायला गेली की त्या दुसऱ्या बाईचं, कधी न बघितलेलं, तोंड समोर यायचं. तिनंही देवापुढं हात जोडले असतील. काय मागत असेल ती? या पोराला सोडू नकोस, हेच की. मग देवानं कुणाचं ऐकायचं? त्या माऊलीचं सांत्वन कर, असं म्हणायला गेली तर जीभ उचलायची नाही; कारण त्या सांत्वनात आपल्या पोराची शिक्षा आली, हे तिला कळत होतं. दोन्ही मागण्या एका तोंडानं मागता येईनात. रविवारी ती मंदिरात जायची, शेवटच्या बाकावर बसायची आणि प्रभुभोजनाची भाकर समोर आली की मान हलवून पुढं जाऊ द्यायची. आयुष्यात पहिल्यांदा ती भाकर तिनं नाकारली होती. वस्तीनं ते बघितलं.

रूबेन जामिनावर सुटून आला. आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. पेटीला त्यानं हात लावला नाही.

या सगळ्या दिवसांत मीरासाबची बायको कुलसुम रोज दुपारी यायची. सांत्वनाचं अक्षर बोलायची नाही. मेथी निवडायची, लसूण सोलायची, पडलेली भांडी घासून टाकायची आणि जायची. एक दिवस अक्का तिला म्हणाली, "कुलसुम, मला त्या घरी जायचंय."

"व्हय. मला वाटलंच हुतं," कुलसुम म्हणाली. "मी येते की संगं. एकटीला न्हाई सोडायची."

मीरासाबनं दोघींना गडमुडशिंगीला नेलं आणि रिक्षा घरापासून जरा लांब, वडाखाली उभी केली. घर साधं, दारात दोन म्हशी, भिंतीला टेकून ठेवलेली मोडकी मोटरसायकल. ऋतुराजचा बाप आकाराम वैरण टाकत होता. त्यानं दोघींना बघितलं आणि दुखवट्याला आलेल्या बायका समजून हात पुसत म्हणाला, "या पावणं, आत या. अगं ए, बघ कोण आलंय."

अक्कानं तोंड उघडलं, पण तोवर ऋतुराजची आई, चिमणाबाई, बाहेर आली होती. तिनं या कोण, कुठल्या, काही विचारलं नाही. रोज कुणी ना कुणी येतच होतं. आत घोंगडं टाकलं होतं, त्यावर बसवलं, थोरल्या पोराच्या बायकोला चहा सांगितला. समोर फोटो, फोटोला हार. चिमणाबाई फोटोकडं हात करून बोलायला लागली, जसं काही मधेच थांबलेलं बोलणं पुढं चालू करावं. धाकटा हुता माझा. मटण केलं की नळीचं हाड पैल्यांदा त्याच्या ताटात, न्हाईतर उठून जायचा. पगार झाला की मला साडी. तरी बी मी म्हणायची, बायकू आली की इसरशील. बोलता बोलता तिचा आवाज फाटला आणि अक्काचा हात सवयीनं पुढं गेला. तिनं चिमणाबाईचा हात धरला. चिमणाबाईनं तो घट्ट आवळला.

"तुमी काय करता बाई?"

"मी दवाखान्यात सिस्टर हुते."

"मग तुमाला कळंल." चिमणाबाई पुढं सरकली. "डाक्टर म्हणलं, जागच्या जागी गेला. पोलीस बी तसंच म्हणलं. समदी म्हणत्यात त्याला काई कळलं न्हाई. खरं असंल का वो?"

अक्काच्या जिभेवर ते वाक्य तयार होतं. काही त्रास झाला न्हाई त्याला. शेकडो वेळा म्हटलेलं, गुळगुळीत झालेलं वाक्य. म्हटलं असतं तर चहा पिऊन, डोळे पुसून, ती त्या घरातनं मानानं बाहेर पडली असती. पण ते वाक्य तिनं गिळलं. कुलसुमनं तिच्या पाठीला हात लावला.

"मी सांगायला पायजे हुतं आल्या आल्या," अक्का म्हणाली. "ती गाडी चालवणारा पोरगा हाय न्हवं, मी त्याची आई."

चहाचे कप घेऊन आलेली सून दारातच थांबली. चिमणाबाईनं हात सोडला, पण नजर हलवली नाही.

"मग तर तुमाला म्हाईतच असंल," ती म्हणाली. "सांगा."

"लगेच गेला न्हाई. माझ्या पोरानं आरशात बघितलं. हलत हुता. आनि माझा पोरगा थांबला न्हाई."

आकाराम उंबऱ्यात येऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. "उठा," तो म्हणाला. आधी हळू, मग गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "उठा हितनं! जखमंवर मीठ टाकाय आलाय व्हय? उठा!" त्यानं बाहेर जाऊन दोघींच्या चपला उचलल्या आणि रस्त्यावर भिरकावल्या. अक्का जागची उठली. चिमणाबाई रडली नाही, ओरडली नाही, नुसती बघत बसली. ते बघणं पाठीवर घेऊन अक्का रिक्षापर्यंत आली.

वाटेत कुलसुमनंच शब्द काढला. "चांगलं केलंसा की वाईट, मला न्हाई सांगता येत, अक्का."

"मलाबी न्हाई," अक्का म्हणाली.

रूबेनला कळलं तेव्हा तो पहिल्यांदा आईवर ओरडला. वकील तर कपाळाला हात लावून बसला. अहो बाई, तुम्ही स्वतःच्या पोराविरुद्ध साक्ष देऊन आलात, फिर्यादीच्या घरात जाऊन! अक्काला त्याचं काही वाटलं नाही. तिच्या मनात दुसरंच घोळत होतं. जन्मभर आपण खोटं बोलून माणसांना शांत केलं, आणि ज्या एका घरी खरं बोललो तिथं एका आईच्या काळजात सुरी खुपसून आलो. आता ती बाई जन्मभर रस्त्यावर हलणारा आपला पोरगा बघत बसणार. हे तू माझ्या तोंडून का वदवलंस, असं ती देवाला विचारायची. तीच काय ती तिची प्रार्थना उरली होती. उत्तर यायचं नाही.

उन्हाळा लागला. एका दुपारी दार वाजलं. अक्कानं उघडलं तर समोर चिमणाबाई उभी, एकटी, बस बदलत, पत्ता विचारत आलेली. घामानं कपाळाला केस चिकटले होते.

"पानी द्या," ती म्हणाली.

अक्कानं तांब्या भरून आणला. चिमणाबाई उंबऱ्यातच बसली, पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं.

"त्या दिशी तुमाला जित्ती गाडावी असं वाटलं हुतं मला."

"व्हय."

"माझ्या पोराच्या नखात माती हुती, बाई." तिनं आपले दोन्ही हात पुढं केले, बोटं वाकवून, जमीन खरवडल्यासारखी. "घरी आनल्यावर मी हात पुसले त्याचे. दाही नखं मातीनं भरल्याली. जागच्या जागी गेल्यालं मानूस माती कशाला उकरंल? मी नवऱ्याला इचारलं. भावाला इचारलं. डाक्टरला इचारलं. समदी म्हणली, न्हाई गं, काई कळलं न्हाई त्याला, तू इचार करू नगंस. मला वाटाय लागलं मीच खुळी झाले. समद्या घरात मी एकटी, आनि ती नखं." तिनं हात मांडीवर ठेवले. "तुमी सांगितलंसा आनि त्या रातीला मला झोप लागली. कशी लागली म्हाईत न्हाई. पन लागली."

अक्का तिच्यासमोर खाली बसली. किती बायका आल्या तिच्या डोळ्यापुढं. हात धरून, गोड बोलून, ज्यांचं तोंड आपण अलगद बंद केलं होतं त्या. त्यांच्यातल्या कुणी काय बघितलं होतं, कुणाला काय विचारायचं होतं, ते तिनं कधी विचारलंच नव्हतं.

"पोरगा हाय घरात?" चिमणाबाईनं विचारलं.

रूबेन आतल्या दारात येऊन उभाच होता. तो पुढं आला आणि पाया पडायला वाकला.

"पाया पडू नगंस. बस. आनि सांग मला, जसं झालं तसं."

तो जमिनीवर बसला. सांगताना त्याचा आवाज सारखा तुटत होता. ट्रॉली, मेसेज, धडक, सगळं सांगितलं. चिमणाबाई मधेमधे विचारत होती, शांतपणे, जणू पोराच्या शाळेतली गोष्ट विचारावी.

"काय हलत हुतं? हात का पाय?"

"हात. असा वर केला हुता."

"हाक मारली त्यानं?"

"काच बंद हुती, मावशी. गानं लागलं हुतं. ऐकू आलं न्हाई."

"म्हंजे मारली असंल."

रूबेननं मान खाली घातली. "मारली असंल."

चिमणाबाईनं पदर तोंडावरनं फिरवला. मग म्हणाली, "माफ केलं असं मी म्हणनार न्हाई. माझ्या जिभंवर यत न्हाई ते. आनायचं म्हणून आनता बी यनार न्हाई. पन कोर्टात हेच सांगायचं. वकिलाचं ऐकून फिरू नगंस."

"न्हाई फिरनार."

आणि मग ती रडली. भिंतीला डोकं टेकवून, धाय मोकलून, लेकराच्या नावानं. अक्का तिच्याशेजारी सरकून बसली. ती काहीच बोलली नाही. बोलण्यासारखं तिच्याजवळ काही उरलंच नव्हतं. तिनं हात पुढं केला, आणि या वेळी या बाईला आपण कोण हे ठाऊक आहे, हे मनात येऊन तो मधेच थांबला. चिमणाबाईनंच तो धरला. कुलसुम आवाज ऐकून आली, दारातनं दोघींना बघितलं आणि आत जाऊन भाताला आधण ठेवलं. जाताना चिमणाबाई दोन घास खाऊन गेली.

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, जवळ आला. त्या दिवशी दुपारभर मंदिरात प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मंडळीतली सात माणसं बोलतात. पाळक समुद्रे अक्काकडं आले. पहिला उद्गार तुम्ही घ्या, म्हणाले. मारणाऱ्यांसाठी बापाजवळ क्षमा मागितली, तो.

"मी भाकर घेत न्हाई, पाळकसाहेब. मला कशाला उभं करता?"

"मी गडमुडशिंगीला जायला भ्यालो, अक्का. तुम्ही गेलात. माझ्यापेक्षा तुम्हीच बोललेलं बरं."

मंदिर भरलं होतं. पंखे फिरत होते तरी माणसं हातातल्या कागदांनी वारा घेत होती. रूबेन शेवटच्या बाकावर बसला होता. अक्का पुढं येऊन उभी राहिली.

"या उद्गारावर मी लई वेळा प्रवचन ऐकलंय," ती म्हणाली. "दर वेळी मला वाटायचं, बघा, किती सोपं करून ठेवलंय प्रभूनं आपल्यासाठी. मागायचं आणि मिळायचं. पण यंदा मला खाली उभी असलेली त्याची आई दिसायला लागली. पोरगा वर लटकलाय, आणि तो तिच्यादेखत मारणाऱ्यांसाठी माफी मागतोय. तिला कुणी विचारलं होतं का? तिला ती माफी पटली होती का? शास्त्रात लिहिलेलं नाही. मला वाटतं, तिच्या जिभेवर ती त्या दिवशी आली नसणार. आणि देवानं तिला त्याबद्दल बोल लावला नाही."

कुणीतरी खोकलं. अक्का बोलतच राहिली.

"माझ्या पोराच्या हातनं एक पोरगा गेला, ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मी देवाला विचारत होते, तू कुणाचा? माझा का त्या बाईचा? मला अजून नीट उमगलेलं नाही. पण एवढं दिसतंय, की देवाचाही पोरगा मारला गेलाय. तेव्हा तो आधी त्या बाईशेजारी बसलेला असणार. तिथनंच तो माझ्या पोराकडं बघत असणार. तिच्याशेजारनं उठून, तिला एकटीला टाकून, तो आमच्याकडं दया घेऊन येणार नाही. आम्हाला दया पाहिजे असेल तर तिथं जावं लागतं, तो बसलाय तिथं. आणि तिथं बसवत नाही हो. लई अवघड बसणं आहे ते."

एवढंच बोलून ती खाली आली. सांगता करणारी प्रार्थना तिनं केली नाही, ती पाळकांनी केली. ईस्टरला भाकर समोर आली तेव्हा तिनं तुकडा घेतला. तो घशाखाली जाईस्तोवर डोळे मात्र उघडेच ठेवले. शेवटच्या बाकावरच्या रूबेननं भाकर न घेता ताट पुढं सरकवलं.

पावसाळा सरल्यावर रूबेननं कोर्टात गुन्हा कबूल केला. थांबलो नाही, तो जिवंत होता, हेही सांगितलं. शिक्षा लागली. कोर्टात चिमणाबाई आणि अक्का एका बाकावर बसल्या होत्या, मधे कुलसुम. आकाराम बाहेरच्या झाडाखाली उभा राहिला, त्याच बाकावर बसायला त्यानं नकार दिला. निकाल ऐकून चिमणाबाईला आनंद झालेला दिसला नाही. "एवढंच व्हय," ती म्हणाली. शिक्षा कमी वाटली म्हणून म्हणाली, की शिक्षेनं काहीच भरून येत नाही हे कळून म्हणाली, ते अक्काला समजलं नाही, आणि तिनं विचारलंही नाही.

कळंब्याला भेटीला गेली की रूबेन एकच विचारतो. देवानं मला माफ केलं असंल का, आई? पहिल्यांदा विचारलं तेव्हा अक्काला लगेच व्हय म्हणावंसं वाटलं होतं. ती जरा वेळ घेऊन म्हणाली, "केलं असंल, असा माझा विश्वास हाय. पण त्यानं तो पोरगा उठून घरी येत न्हाई. दोन्ही संगंच घेऊन जगायचं, बाळा. एक सोडून दुसरं धरता येत न्हाई." त्यानं मान डोलावली. पुढच्या खेपेला पुन्हा तेच विचारलं, आणि तिनं पुन्हा तेच सांगितलं.

वस्तीत माणूस गेलं की अजूनही अक्काला निरोप येतो. ती जाते, दूध झाकते, पोरांना शेजारी धाडते, आणि मग बसते. आता ती म्हणते, "सांगा मला, कसं झालं?" आणि ऐकते. काही बायकांना हे रुचत नाही. अक्का पहिल्यासारखं गोड बोलत न्हाई, असं म्हणतात, आणि आता सांत्वन सभेत बोलायला दुसरीच बाई उभी राहते. चिमणाबाई कधीतरी बाजाराला शहरात आली की दारात डोकावते, पाणी पिते, फार बोलत नाही. एकदा ती मधेच थांबून म्हणाली, आज बी आलं न्हाई जिभंवर. अक्का म्हणाली, नसू दे. आकाराम मात्र अक्काशी आजपर्यंत एक शब्द बोललेला नाही.